फाजवर काम सुरू करताना: आधी बशी वाचायला शिका

जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंकडे, म्हणजे फाजकडे, बहुतेक जण उपचाराच्या ओढीने येतात. मीही तशीच आले. पण पहिले तीन महिने माझ्यासमोर होत्या फक्त जिवाणू वाढवायच्या बशा.

सांडपाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, त्यात यजमान जिवाणू, म्हणजे फाज ज्यांच्यात वाढतो ते, मिसळायचे, मऊ आगरबरोबर (जेलीसारखं माध्यम) बशीत ओतायचं. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधट थरात फाजने जिवाणू मारल्याचे पारदर्शक ठिपके दिसतात, तेच प्लाक. एकदा माझी अख्खी बशीच स्वच्छ निघाली आणि मी हरखून गेले. मग पाहिलं तर फाज न घातलेली कंट्रोल बशीही तशीच! आगर फार गरम ओतल्याने जिवाणू आधीच मेले होते. कंट्रोलशिवाय एकही बशी लावू नका.

प्लाक गढूळ दिसला तर थांबा. तो फाज बहुधा जिवाणूच्या जनुकसंचात लपून बसणारा आहे. पटकीचं आणि घटसर्पाचं विष बनवणारी जनुकं असेच फाज जिवाणूंत आणतात, म्हणून ते जसेच्या तसे उपचाराला घेत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या रुग्णालयातल्या १५ वर्षांच्या मुलीच्या उपचारात तीन फाज होते. त्यातल्या दोघांची लपण्याची जनुकं काढून टाकावी लागली. तिसरा सापडला होता सडक्या वांग्यावर! तिची प्रकृती सुधारली, हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

माझा पहिला फाज जिवाणूच्या १२ वाणांपैकी दोनच मारत होता. वाईट वाटलं. उपचारात ही अडचण खरीच, पण जिवाणू ओळखायचा असेल तर हाच निवडकपणा कामाला येतो. फाज टायपिंग, म्हणजे कोणता फाज मारतो यावरून जिवाणूचा वाण ओळखणं, त्यावरच उभं आहे. अन्नातल्या लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूवर फवारायच्या फाजना अमेरिकेत २००६ मध्ये परवानगी मिळाली. तिथेही इतर उपयोगी जिवाणू वाचतात, हा फायदा.

नोकरी फक्त उपचारातच शोधू नका. फाज डिस्प्लेला, म्हणजे फाजच्या पृष्ठभागावर प्रथिनं मांडून हवं ते निवडण्याच्या तंत्राला, २०१८ चं नोबेल मिळालं; संधिवातावरचं अडालिमुमॅब हे औषध त्यातूनच आलं. कोविडच्या एमआरएनए लसी बनवताना टी७ फाजचं आरएनए पॉलिमरेज, म्हणजे आरएनए बनवणारं विकर, वापरलं गेलं.

पहिल्या आठवड्यात टी४ सारखा एकच ओळखीचा फाज घ्या. ३० ते ३०० प्लाक असलेलीच बशी मोजा. सलग तीन दिवस टायटर, म्हणजे दर मिलिलिटरमधली फाजची संख्या, जवळपास सारखा आला, की मग सांडपाण्याची बाटली उघडा.