अपघातानंतर कॉटशेजारी वकिलाचा माणूस आला तर

हाड बसवून रुग्णाला वॉर्डात आणलं की दोन-तीन दिवसांत एक माणूस भेटायला येतो. रुग्णाचं नाव, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद झाली, सगळं त्याला ठाऊक असतं. वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक किंवा ठाण्यातलं कोणीतरी ही खबर देतं आणि त्याचे पैसे घेतं. माणूस सांगतो, “साहेब मोठे वकील आहेत, तुम्ही एक रुपया देऊ नका. केस लागली की पंचवीस टक्के आमचे.” सोबत वकीलपत्र असतं आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत दोन गोष्टींना साफ मनाई आहे. एक, वकिलाने स्वतः किंवा दलालामार्फत काम मागत फिरणं (नियम ३६). दुसरी, निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं (नियम २०). अमेरिकेत टक्केवारीवर अपघाताच्या केसेस लढणं सर्रास चालतं, ते ऐकून इथेही तसंच असेल असं लोक धरून चालतात. भारतात तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा विषय आहे. दलालांसाठी तर अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये ४५अ हे कलम आलं आहे. जिल्हा न्यायालय दलालांची यादी जाहीर करू शकतं, आणि यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, पण कैदेची तरतूद आहे हे त्या माणसाला ऐकवायला हरकत नाही.

त्याला घालवायला भांडणाची गरज नसते. “वकिलांचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून द्या, आम्ही कळवतो” असं म्हटलं की बहुतेक जण पुन्हा फिरकत नाहीत. घाईत द्यायच्या नाहीत अशा वस्तू मात्र पक्क्या लक्षात ठेवा: सही केलेलं कोरं वकीलपत्र, कोरा स्टॅम्प पेपर, सही केलेला चेक किंवा पैसे काढायची स्लिप, एटीएम कार्ड आणि बिलांच्या मूळ प्रती. सगळ्यात वाईट प्रकार बँकेतला. दलाल तुमच्या नावाने नवं खातं उघडून देतो, पासबुक आणि सही केलेल्या स्लिपा स्वतःकडे ठेवतो, आणि नुकसानभरपाई जमा झाली की तुमच्या आधी बँकेत पोहोचतो.

पहिल्या पंधरवड्यातले कागद

दावा उभा राहतो तो पोलीस आणि डॉक्टर यांच्या कागदांवर. पुढे वकील कितीही नावाजलेला केलात तरी त्याला खेळायला पत्ते हेच. म्हणून पहिले पंधरा दिवस वकील शोधण्यापेक्षा कागद नीट करून घेण्यात घालवा.

सुरुवात दवाखान्याच्या एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णाच्या) नोंदीपासून. अपघात विभागात डॉक्टर विचारतात, “काय झालं?” सोबतचा घाबरलेला नातेवाईक सांगतो, “गाडीवरून पडला.” डॉक्टर तेच लिहितात. दीड वर्षानं विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद पुढे करतो: दुसऱ्या गाडीने धडक दिल्याचा उल्लेखच नाही, म्हणजे हा स्वतःच घसरून पडला. तेव्हा दाखल करतानाच रस्ता अपघात, कोणत्या प्रकारच्या गाडीने कुठून धडक दिली आणि ठाऊक असेल तर तिचा नंबर, एवढं लिहून घ्या. चूक लिहिलं गेलं असेल तर त्याच दवाखान्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. जुन्या नोंदीत खाडाखोड करायला सांगू नका, ती खाडाखोडच उद्या तुमच्या विरुद्ध जाते.

मग फिर्याद. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांत सहसा भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: बेदरकार वाहन चालवण्याला २८१, दुखापतीला १२५, मृत्यूला १०६. फिर्यादीला उशीर झाला म्हणून दावा आपोआप पडत नाही. मात्र उशिराचं कारण, म्हणजे रुग्ण बेशुद्ध होता, शस्त्रक्रिया चालू होती, असं जे खरं असेल ते फिर्यादीतच आलं पाहिजे. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागा आणि वाचा. टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गाड्या कोणत्या बाजूला पडल्या होत्या, यावरूनच चूक कोणाची आणि किती हे ठरतं. तुमची निम्मी चूक धरली गेली तर रक्कमही निम्मी होते.

आता दलाल कधीच सांगत नाहीत ती गोष्ट. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल फॉर्म १ मध्ये ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (नुकसानभरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. दहा दिवसांत फॉर्म २ जखमीला द्यायचा असतो, त्यात तुमचे हक्क लिहिलेले असतात. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. आणि हा पोलिसांकडून आलेला अहवालच नुकसानभरपाईचा अर्ज म्हणून धरायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) मध्ये आहे. प्रत्यक्षात अनेक ठाण्यांत हे फॉर्म वेळेवर भरले जात नाहीत. म्हणून ठाण्यात लेखी अर्ज देऊन फॉर्म १ आणि २ ची प्रत मागा, आणि अहवालावर विसंबून स्वतःचा अर्ज दाखल करायचं टाळू नका.

बिलांचं सांगायचं तर, औषधाच्या प्रत्येक बिलावर रुग्णाचं नाव आणि तारीख हवी आणि त्याला जुळणारी डॉक्टरची चिठ्ठी हवी. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पांढरीफटक होतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून मूळ बिलाला टाचून ठेवा. मेडिक्लेममध्ये मूळ बिलं द्यावी लागली तर विमा कंपनीकडून साक्षांकित प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र घ्या.

रुग्णालयाच्या खर्चासाठी दलाल उसने पैसे पुढे करतो, तिथेच पुष्कळ कुटुंबं अडकतात. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर आधी ते विचारा.

दावा कुठे आणि कशाखाली

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला ती जागा, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता ती जागा, किंवा सामनेवाला राहतो ती जागा, यांपैकी कुठलंही न्यायाधिकरण चालतं. लांबच्या महामार्गावर अपघात झाला म्हणून तिथल्याच वकिलाकडे जायला हवं, असं दलाल म्हणतो ते खोटं. धडक देणाऱ्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे सामनेवाले करतात. नंबर हाताशी असेल तर एमपरिवहन अॅपवर विम्याची कंपनी आणि मुदत दिसते.

१ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पाच महिने संपायच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. दोषारोपपत्र यायचं आहे म्हणून वकील थांबायला सांगत असेल तर ऐकू नका, ते मागाहून जोडता येतं.

कलम १६६ खाली समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते आणि रकमेला ठरावीक मर्यादा नाही. कलम १६४ खाली चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. सापळा असा की विमा कंपनीशी तडजोडीत कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. पाय गमावलेल्या तरुणाने घाईने अडीच लाखांवर सही केली तर पुढे काही मागता येत नाही.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी वकील लागत नाही, फॉर्म १ (हा पळून गेलेल्या गाडीच्या भरपाई योजनेचा, पोलिसांच्या फॉर्म १ पेक्षा वेगळा) प्रांत किंवा तहसील कार्यालयातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. आणि तुम्हीच स्वतःची गाडी चालवत होता, चूकही तुमचीच, तर न्यायाधिकरणाकडे काही नाही. तुमच्या पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा आहे का ते बघा. अशा वेळी “दुसरी एखादी गाडी दाखवू” असं कोणी सुचवलं तर लगेच बाजूला व्हा. उत्तर प्रदेशात अशाच बनावट दाव्यांसाठी २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा प्रकरणात अर्जदार म्हणून सही तुमची असते, दलालाची नव्हे.

रक्कम कशी निघते

हे गणित एकदा समजलं की टक्केवारी मागणाऱ्याचा अर्धा रुबाब उतरतो. ३० वर्षांचा गवंडी घ्या, महिना १८,००० रुपये कमावणारा. गुडघा मोडला, आता परांचीवर चढता येत नाही. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यात कमाई वाढली असती यासाठी ४० टक्के मिळवायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वयानुसार गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) २६ ते ३० ला १७ (१५ ते २५ ला १८, ३१ ते ३५ ला १६, असा उतरत जातो). झाले ५१,४०,८००. न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता २५ टक्के गेली असं धरलं तर १२,८५,२०० रुपये. त्यात उपचार, बुडालेली मजुरी, वेदना, सोबतच्या माणसाचा खर्च हे वेगळे. या १२,८५,२०० मधले पंचवीस टक्के म्हणजे ३,२१,३००, आणि ते मागतोय तो माणूस ज्याने फक्त वकीलपत्रावर फुली मारली.

आता बघा, क्षमता २५ ऐवजी १० टक्केच गेली असं धरलं तर तीच रक्कम ५,१४,०८० होते. सगळी लढाई या एका आकड्याची असते. दाखल्यावर “३० टक्के अपंगत्व” लिहिलेलं असतं ते बहुधा त्या पायापुरतं, सबंध शरीराचं नव्हे. न्यायाधिकरण विचारतं, त्यामुळे या माणसाच्या या धंद्यावर काय परिणाम झाला? बैठं काम करणाऱ्या कारकुनाला तोच गुडघा फारसा महागात पडत नाही. म्हणून दाखला देणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर साक्षीला यायला हवा, आणि धंद्यात नेमकी काय कामं करावी लागतात हे तुमच्या शपथपत्रात हवं. डॉक्टरला समन्स न काढता नुसता दाखला जोडणं ही आळशी वकिलांची खास खूण. कमाईचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने धरतं, आणि तो अंदाज सहसा हात आखडूनच असतो. बँक खात्यातल्या जमा, ठेकेदाराचा दाखला, बांधकाम कामगार नोंदणी, जे असेल ते जोडा.

वकील नेमताना

जिल्हा न्यायालयात जाऊन न्यायाधिकरणाच्या कोर्टात एक सकाळ बसा. कोण स्वतः साक्षीदार तपासतो आणि कोण नुसती तारीख घेऊन निघतो, हे तासाभरात दिसतं. फी टप्प्यांत ठरवा: अर्ज दाखल करताना, पुराव्याच्या वेळी, युक्तिवादाच्या वेळी. ठरलेलं कागदावर घ्या आणि दर वेळी पावती घ्या. वकीलपत्रावर सही करताना न्यायालयाचं नाव, पक्षकार आणि तारीख भरलेली हवी. दाखल झालेल्या अर्जाची प्रत आणि सीएनआर क्रमांक (केसचा ओळख क्रमांक) घ्या, म्हणजे ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख तुम्हालाच दिसेल. तुमच्या नावाने दुसरीकडे आणखी एक दावा लागला नाही ना, तेही चाचपता येतं का हे वकिलाला विचारून घ्या.

पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तडजोड आणि पैसे हातात येताना

विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देतो किंवा प्रकरण लोकअदालतीत जातं. वाईट नाही, वर्षं वाचतात. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा वरचं गणित हातात असल्याशिवाय आकड्याला हो म्हणू नका. आणखी एक शस्त्रक्रिया व्हायची असेल, रॉड काढायचा असेल, तर त्या खर्चाचं डॉक्टरांचं अंदाजपत्रक आधी दाखल करा. नंतर ते मागता येत नाही.

निकालातल्या रकमेवर सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं. रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात यावी म्हणून आधीपासून चालू असलेल्या खात्याचा तपशील न्यायाधिकरणात स्वतः द्या. एसएमएससाठी नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, तेही बँकेत जाऊन बघा. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील, मात्र वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही.

मध्येच वकील बदलायचा झाला तर जुना वकील फाइल अडवून ठेवतो, फी बाकी आहे म्हणतो. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे. आधी लेखी मागणी करा, रजिस्टर पोस्टाने. तरीही दिलं नाही, किंवा निकालानंतर कोणी टक्केवारी मागितली, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करा. सोबत वकीलपत्राची प्रत, बँकेचा उतारा आणि मागणीचे व्हॉट्सअॅप मेसेज जोडा. मेसेजचे स्क्रीनशॉट देताना फोनमधले मूळ मेसेज पुसू नका.