प्रायमरीतला ख्रिसमस प्रोग्रॅम करायचाय? आधी यादी अर्धी करा

टर्मच्या शेवटच्या आठवड्यात प्रायमरीच्या वर्गांचं अगदी लग्नघर झालेलं असतं, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी हौसेने नाटक, कॅरोल, पार्टी, सांता, क्राफ्ट, कार्डं, गिफ्टं असं सगळंच ठरवून मोकळं होतं. माझं सरळ म्हणणं आहे, यादी हातात आली की त्यातलं अर्धं खोडून टाका. लहान मुलं टर्मच्या शेवटाला दमलेली असतात, त्यात रोजचं टाइमटेबल मोडलं की चिडचिड, रडारड सुरू, त्यामुळे एक मोठा कार्यक्रम आणि एक पार्टी, बास. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. आणि नाटक शेवटच्या दिवशी तर ठेवूच नका, त्या दिवशी लाइट गेली किंवा अर्धा वर्ग तापाने झोपला तर पुढे ढकलायला दिवसच नसतो.

नाटक म्हणजे बहुतेक वेळा येशूच्या जन्माचंच असतं आणि रोल वाटायला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. जन्माची गोष्ट बायबलमधल्या मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, आहे, मेंढपाळ लूककडचे, पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्ञानी पुरुष, मत्तयकडचे, स्टेजवर आपण सगळ्यांना एकत्र आणतो. हे मागी किती जण होते ते बायबलमध्ये कुठेच दिलेलं नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून तीन धरतात, तेव्हा पाच मुलं उरली असतील तर बिनधास्त पाच मागी करा, दोघं मिळून एक पेटी धरतील. 'जागा नाही' म्हणून दार लावणारा उतारशाळेचा मालक पण मूळ गोष्टीत नाही, गोठ्यातला बैल आणि गाढव पण नाहीत. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात जन्माचा देखावा उभा केला तेव्हा मात्र खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते. म्हणजे भर घालायची पद्धत जुनीच आहे, तुम्ही चार मेंढ्या, सहा तारे आणि एक उंट वाढवला तर कुणी काही म्हणणार नाही. एकही मूल बिनरोलचं राहता कामा नये, हा एकच नियम मी कडक ठेवते.

मरीया आणि योसेफ, म्हणजे येशूचे आईवडील, कोण होणार यावरून पालकांमध्येच धुसफूस होते. ज्याला स्टेजवर शांत बसता येतं त्याला तो रोल द्या, कारण या दोघांना बोलायचं कमी आणि बसायचं जास्त असतं, आणि चुरूचुरू बोलणारी मुलं निवेदनाला घ्या. एका मुलाला एकच वाक्य, तेही एका श्वासात म्हणता येईल एवढंच, आणि ते वाक्य शेजारच्या मुलालाही पाठ असू दे, म्हणजे ऐनवेळी कुणी गप्प बसलं तरी गाडी अडत नाही. आत-बाहेर करायला लावू नका. सगळी मुलं पहिल्यापासून स्टेजवर दोन्ही बाजूंना बेंचवर बसलेली, आपला नंबर आला की उठून मधे यायचं, बोलायचं, परत जागेवर. विंगेत मुलं सांभाळायला माणूस लागत नाही आणि गाणी आली की आपोआप कोरस तयार. वीस मिनिटांच्या वर गेलं की पहिल्या ओळीतल्या मेंढ्या झोपतात किंवा एकमेकांचा कापूस उपटतात.

कापसावरून आठवलं, ड्रेसचं. मेंढीला कापसाचे गोळे चिकटवण्यापेक्षा पांढरा टीशर्ट आणि हेअरबँडला शिवलेले काळे कान पुरतात. देवदूताच्या डोक्यावरची झिरमिळ्यांची रिंग कपाळाला टोचते आणि मुलं ती सतत खाली-वर करत बसतात, म्हणून आतून कापडी पट्टी लावाच. पंखांचं इलॅस्टिक खांद्यावर घालताना मागून फुलीसारखं घ्या, नाहीतर पंख दंडावर उतरतात. मेंढपाळाच्या डोक्याला स्वयंपाकघरातला चौकटीचा नॅपकिन आणि वर जुनी नाडी, एक रुपया खर्च नाही. प्रत्येक वस्तूवर आतून नाव घाला. रंगीत तालीम पूर्ण ड्रेसमध्ये आणि मोठ्या वर्गातल्या मुलांसमोर करा, माइक त्याच वेळी तपासून होतो आणि समोर माणसं बघून कोण रडणार तेही कळतं.

घरी पत्र मात्र लवकर पाठवा, नोव्हेंबरमध्येच. सगळी घरं ख्रिसमस पाळतात असं नाही, काहींना धार्मिक भागात मूल नको असतं पण पार्टीला चालतं, ते आधी कळलं तर मूल पडदा, घंटा, दिवे असं काम आनंदाने करतं. त्याच पत्रात फोटोची परवानगी विचारा, कारण काही मुलांचा फोटो बाहेर गेलेला चालत नाही आणि कारण विचारत बसायचं नसतं. कार्यक्रमात शूटिंग बंद, संपल्यावर पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या मुलाचा फोटो काढायचा, असं जाहीर केलं की समोर मोबाइलची भिंत उभी राहत नाही.

कार्डांचा हिशोब एकदा करून बघा. वर्गात ३० मुलं, प्रत्येकाने बाकीच्या २९ जणांना दिलं तर ८७० कार्डं. शिवाय कुणाला मिळालं नाही यावरून रडणं वेगळंच. त्यापेक्षा प्रत्येकाच्या नावाचा एक कागद वर्गात फिरवा आणि सगळ्यांनी त्यावर काहीतरी काढायचं किंवा सही करायची. गिफ्टांचंही तेच, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना द्यायचा प्रकार एवढ्या लहान वयात तुलनेवर येतो, घरची वाचून झालेली पुस्तकं अदलाबदल केली तर बरं, फक्त न आणणाऱ्यांसाठी चार-पाच जास्तीची शाळेकडे ठेवा.

सांता होणारा माणूस रोज दिसणारा नको. दाढी लावली तरी मुलं बूट, घड्याळ आणि आवाज बरोब्बर ओळखतात, आणि मग जो गलका होतो तो आवरत नाही. घाबरणाऱ्या मुलाला मांडीवर ढकलू नका, लांबून हात हलवला तरी चालतं.

पार्टीत खाण्याआधी ॲलर्जीची यादी भिंतीवर लावा, घरी केलेल्या पदार्थात काय घातलंय ते डब्यावर लिहून मागा. त्याहून जास्त लक्ष चमचमणाऱ्या वस्तूंकडे द्या, लुकलुकणारे बॅज, गाणारी कार्डं, छोटे दिवे यांत बटनासारखी बॅटरी असते आणि ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, झाकण स्क्रूने बंद नसेल तर ती वस्तू वर्गात आणूच नका. कुणी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. फुगे फुटले की तुकडे लगेच उचला. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे घेणार असाल तर तेही याच नियमात. एका कोपऱ्यात चटई, दोन-चार पुस्तकं आणि कमी आवाज ठेवा, गोंगाट सहन न होणारं एखादं मूल दर वर्गात असतंच.

क्राफ्ट आणि चित्रं शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशीच घरी पाठवा. शेवटच्या दिवशी दप्तर, डबा, स्वेटर, ड्रेस आणि ओला गोंद लागलेला तारा एकत्र गेला की तारा दारातच तुटतो. मुलं गेल्यावर बेंचखाली बघा, दोन पंख आणि एक योसेफची दाढी तिथे असणारच.