कांटवरील निबंध कुठे फसतो : या चुका टाळा

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या नीतिविचारावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे आक्षेपांची वानवा क्वचितच असते. अडचण ही असते की त्याचा आक्षेप कांटने कधीच न केलेल्या विधानावर घेतलेला असतो. १७८५ साली प्रसिद्ध झालेला ‘ग्राउंडवर्क ऑफ द मेटॅफिजिक्स ऑफ मॉरल्स’ हा ग्रंथ छोटा असल्यामुळे वर्गातील टिपणांवरून तो समजला असे वाटते, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते.

सर्वांत मोठी चूक कांटने दिलेल्या खोट्या वचनाच्या उदाहरणात होते. पैशांची नड असलेला माणूस फेड करता येणार नाही हे ठाऊक असूनही फेडीचे वचन देऊन कर्ज मागतो. याविषयी विद्यार्थी लिहितो की सगळेच असे वागू लागले तर समाजातील विश्वास नाहीसा होईल, परिणाम वाईट होतील, म्हणून कांट हे कृत्य निषिद्ध मानतो. आणि पुढच्याच परिच्छेदात तो कांटवर ठपका ठेवतो की परिणामांचा विचार नको म्हणणारा हा तत्त्वज्ञ शेवटी परिणामांचाच आधार घेतो. हा ठपका नवा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने उपयुक्ततावादावरील (कृतीचे मोल तिच्या परिणामांवरून ठरते या मतावरील) आपल्या लेखनात १८६१ मध्येच तो ठेवला होता. तो जरूर मांडावा, पण त्याआधी कांटचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडलेला असला पाहिजे. आपल्याकडील शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष ज्या निष्ठेने मांडतात, त्याच निष्ठेने.

तो युक्तिवाद असा आहे. आपल्या कृतीमागचा नियम सर्वांसाठी असावा असे आपल्याला विसंगतीशिवाय इच्छिता येते का, ही कांटची कसोटी आहे; ती ज्या आज्ञेतून येते तिला तो निरपेक्ष आदेश म्हणतो. नड भागवण्यासाठी खोटे वचन देणे हा सार्वत्रिक नियम झाला, तर कोणीही वचनावर विश्वास ठेवणार नाही, वचन देणे ही गोष्टच अशक्य होईल आणि त्याद्वारे साधायचा हेतूही साधणार नाही. म्हणजे असा नियम सर्वांसाठी असावा असे इच्छिणारा माणूस एकाच वेळी परस्परांशी विसंगत अशा दोन गोष्टी इच्छितो. दोष या विसंगतीत आहे. ते जग दुःखी असेल की सुखी, हा प्रश्न येथे येतच नाही.

एवढे लिहून झाले की कच्च्या कागदावर युक्तिवादाच्या पायऱ्या क्रमाने लिहाव्यात आणि आपला आक्षेप नेमका कोणत्या पायरीवर आहे हे ठरवावे. उदाहरणार्थ, खोटी वचने सार्वत्रिक झाली तरी तारण ठेवून कर्ज देणे चालूच राहील, मग अशक्य नेमके काय झाले, असे विचारता येते. हा खरा आक्षेप आहे. मात्र तो विसंगतीच्या कोणत्या अर्थाला लागू पडतो हेही सांगावे लागते, कारण कांटच्या अभ्यासक क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी १९८५ मधील लेखात तार्किक विसंगती (नियम सार्वत्रिक होताच ती कृतीच अशक्य होणे) आणि व्यावहारिक विसंगती यांत भेद केला आहे. दुसऱ्या अर्थी, नियम सार्वत्रिक होताच कृतीतून तिचा हेतू साधेनासा होणे, एवढीच विसंगती पुरेशी ठरते. तारणाचा मुद्दा पहिल्या अर्थाला जितका जाचक आहे तितका दुसऱ्याला नाही, कारण तारणावर मिळालेले कर्ज हे नुसत्या शब्दावर मिळालेले कर्ज नव्हे.

कांटने ‘ग्राउंडवर्क’मध्ये दिलेल्या चारही उदाहरणांना (खोटे वचन हे त्यांतील एक, मदत नाकारणे हे दुसरे) हीच कसोटी जशीच्या तशी लावू नये. कोणीच कोणाला मदत करत नाही असे जग कल्पिता येते, हे कांट स्वतः मान्य करतो; पण विवेकी माणूस तसे जग इच्छू शकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

‘इतरांनी तुमच्याशी जसे वागावे असे वाटते तसेच तुम्ही वागा’ या उपदेशाशी निरपेक्ष आदेशाची बरोबरी करणे, हे सुमार उत्तराचे हमखास लक्षण आहे. त्या जातीच्या प्रचलित सूत्राला कांटने दुसऱ्या प्रकरणातील एका तळटीपेत अपुरे ठरवले आहे आणि त्याच्या आधारे गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालू शकेल, असे म्हटले आहे. ही तळटीप बहुतेक विद्यार्थी वाचत नाहीत.

घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत दारात आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, हे मत ‘ग्राउंडवर्क’मध्ये नाही, ते फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर म्हणून १७९७ मध्ये लिहिलेल्या छोट्या निबंधात आहे. ते मत अस्वीकारार्ह वाटणे स्वाभाविक आहे. पण ते अस्वीकारार्ह असल्यामुळे निरपेक्ष आदेशही कोसळतो असे लिहायचे असेल, तर ते त्या आदेशातून अपरिहार्यपणे निष्पन्न होते हे दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, आणि तसे ते होत नाही असे मानणारे कांटचे अभ्यासकही आहेत.

संदर्भ देताना हाताशी असलेल्या भाषांतराचा पृष्ठक्रमांक पुरत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत तो बदलतो. अनेक भाषांतरांच्या समासात अकादमी आवृत्तीचे (कांटच्या समग्र लेखनाच्या प्रमाण जर्मन आवृत्तीचे) पृष्ठक्रमांक छापलेले असतात. खोट्या वचनाचे उदाहरण त्या आवृत्तीच्या चौथ्या खंडात ४०२, ४२२ आणि ४२९ अशा एकाहून अधिक ठिकाणी येते. आपण कोणत्या ठिकाणाविषयी बोलत आहोत हे लिहिले नाही, तर परीक्षकाला आपला अर्थ मूळ मजकुराशी ताडून पाहता येत नाही.