गाळ टाकलेल्या शेतात पेरणीआधी सामू पाहा

सांडपाण्याच्या गाळाने पीक तरारते, यात शंका नाही. पण नत्र-स्फुरदाबरोबर कॅडमियम, जस्त, तांबे, निकेल, शिसेही शेतात येते. नत्र एक-दोन हंगामांत संपते, धातू मात्र जमिनीतच मुक्काम ठोकतात.

माती तपासणीच्या अहवालातला 'एकूण धातू'चा आकडा कायद्याच्या मर्यादेसाठी लागतो. त्यातले मुळांच्या हाती किती लागेल, हे बरेचसे सामू (pH, म्हणजे जमिनीच्या आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकी जमीन आम्ल) ठरवतो. सामू ६ च्या खाली घसरला की कॅडमियम, जस्त आणि निकेल सुटे होतात, ६.५ ते ७ ला ते मातीच्या कणांना धरून बसतात. मेख अशी की गाळातल्या अमोनियाचे नायट्रेट होताना जमीन आपोआप आम्ल होत जाते. वर अमोनियम सल्फेट दिले तर विचारायलाच नको. म्हणून मागच्या वर्षीच्या अहवालावर विसंबू नका. आत्ताच वरच्या १५ सेंमी थराचे नमुने घ्या. गाळाचा ढीग जिथे पडून होता, तिथला नमुना वेगळा ठेवा. सामू वाढवायला चुना लागणार असेल तर पेरणीच्या दोन-तीन महिने आधी पसरून मातीत मिसळा. उभ्या पिकात वरून भुरभुरलेला चुना मुळांशी पोचायला फार वेळ घेतो.

जस्त, तांबे, निकेल जास्त झाले तर पीक बोलते: पाने पिवळी, रोपे खुरटी. कॅडमियम गप्प असते. पालक हिरवागार, रुंद पानांचा दिसतो आणि तरी खाणाऱ्याला नको इतके कॅडमियम त्यात असू शकते. अशा शेतात पालेभाज्या आणि तंबाखू नकोच. मका बरा, दाण्यात पानांपेक्षा बरेच कमी उतरते. जमिनीला टेकणारी, कच्ची खाल्ली जाणारी फळे-भाज्या घ्यायच्या असतील तर काढणीआधीचे १० महिने गाळ टाकू नये, असा युरोपचा १९८६ पासूनचा दंडक आहे. मला तो कुठेही पाळण्याजोगा वाटतो. सिंचनाचे पाणी खारे असेल तर तेही तपासा, क्लोराइडमुळे कॅडमियम मुळांत अधिक शिरते.

शिशाची तऱ्हा वेगळी. ते मुळांतून वर फारसे चढत नाही, पावसाच्या थेंबाबरोबर उडालेल्या चिखलातून पानांवर बसते. पाल्याची जुडी बादलीत खळबळून काढा, तळाशी माती साचलेली दिसेल. म्हणून ओळींमध्ये आच्छादन घाला, आणि गाजर-मुळा त्या शेतात लावलाच असेल तर धुऊन, सोलूनच खा.