जिना आखताना: रायझर, ट्रेड आणि वळणावरची रेघ

नकाशात जिना बहुतेक वेळा शेवटी, उरलेल्या जागेत बसवला जातो. मग तो चढताना दम लागतो आणि दिसायलाही बेढब होतो. दोन्हींचं मूळ एकच असतं, पायरीचं माप. सुरुवात तिथूनच करा.

आधी खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची घ्या. समजा ती ३००० मिमी आहे. एका पायरीची उंची साधारण १७० धरून भागल्यावर १७.६ येतात, म्हणून १८ रायझर (पायरीचे उभे भाग) धरा, प्रत्येकी १६६.७ मिमी. आता ट्रेड, म्हणजे पाय ठेवायचा आडवा भाग. फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे माणसाचं एक पाऊल, असा हिशेब मांडला. आजही ही बेरीज साधारण ६०० ते ६४० मिमी ठेवतात. ट्रेड २८० धरला तर ती ६१३ होते, छान बसते. दोन फ्लाइट केल्या, म्हणजे मधल्या सपाट जागेवर (लँडिंगवर) उलट वळणाऱ्या पायऱ्यांच्या दोन रांगा, तर प्रत्येकीत नऊ रायझर, पण ट्रेड आठच, कारण नववा म्हणजे लँडिंग किंवा वरचा मजला. एका फ्लाइटची लांबी २२४० मिमी. लँडिंगची खोली जिन्याच्या रुंदीपेक्षा कमी नको, आणि पायरीच्या कडेपासून डोक्यावर २१०० मिमी मोकळे हवेत.

आता खरी कलाकुसर. वरची फ्लाइट खालच्या फ्लाइटच्या शेवटच्या रायझरच्या अगदी रेषेतच सुरू केली, तर वळणावर दोन्ही कठड्यांच्या उंचीत एका रायझरचा फरक पडतो. मग तिथे कठड्याला वेडावाकडा उभा तुकडा जोडावा लागतो. वरची फ्लाइट एक ट्रेड, म्हणजे २८० मिमी, चढण्याच्या दिशेने पुढे सरकवून सुरू करा. दोन्ही कठडे वळणावर एकाच उंचीवर भेटतात. दोन्ही फ्लाइटची जाडी सारखी असेल तर खालून दिसणाऱ्या तिरप्या स्लॅबही लँडिंगला एकाच सरळ रेघेत मिळतात. एवढ्या एका सरकवण्याने जिना घडवलेला वाटतो. हे २८० मिमी नकाशात आधीच धरा, नंतर जागा निघत नाही.

लँडिंगच्या समोरच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवली तर उतरणाऱ्याचे डोळे दिपतात. बाजूने येणाऱ्या उजेडात पायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात.

साइटवर सगळ्यात जास्त फसतं ते फरशीच्या जाडीत. मजल्यावर ५० मिमी आणि पायऱ्यांवर ३० मिमी थर येणार असेल, तर सारख्या ओतलेल्या जिन्यात पहिली पायरी २० मिमी बुटकी आणि शेवटची २० मिमी उंच होते. पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो, त्यामुळे शेवटच्या पायरीला ठेच लागते. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावतानाच हा फरक वजा-अधिक करून घ्या.

खुणा करताना एका पायरीवरून दुसरी मोजू नका, चूक साठत जाते. लांब पट्टीवर तळापासून सगळ्या खुणा करा: १६६.७, ३३३.३, ५००. दर तिसरी खूण ५०० च्या पटीत आली पाहिजे. नाही आली, तर काँक्रीट ओतायचं थांबवा.