पोराच्या कानाचं मशीन: घेताना काय बघायचं आणि रोज कसं सांभाळायचं

माझी लेक आता सात वर्षांची आहे, दोन्ही कानांना मशीन, तेही दीड वर्षाची असल्यापासून. आम्ही सांगलीत राहतो. आधीच सांगते, महागडं मशीन घेऊन काम होत नाही, मोल्ड, म्हणजे मशीनच्या नळीला जोडलेला कानात घालायचा साचा, नीट बसला पाहिजे आणि पोरगं जागं असेल तेवढा वेळ मशीन कानावर पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

आमची पहिली चूक म्हणजे घाईघाईत एका दुकानातून मशीन घेतलं, मोठ्या माणसाला देतात ते तयार रबरी टोपण लावून दिलं, दोन महिने नुसती शिट्टी वाजत होती आणि पोरगी ओढून फेकून द्यायची. मला वाटायचं तिलाच नको आहे. नंतर मिरजेला एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या मॅडमनी कानाचं माप घेऊन मऊ सिलिकॉनचा मोल्ड करून दिला आणि चारच दिवसांत तिनं मशीन काढणं बंद केलं. मी त्या दिवशी खूप रडले, कारण तिचे दोन महिने वाया गेले होते.

म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, कानात मळ किंवा पाणी असलं तर तेही बघतात. मग बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, ती लहान पोरांना झोपवून करतात. रिपोर्ट घेऊन आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) कडे रजिस्टर्ड असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडेच जायचं. लहान पोरांना कानामागं बसणारं मशीनच द्यायचं, कारण कान वाढत असतो, मग फक्त मोल्ड बदलला की झालं, मशीन तेच राहतं. कानात आत बसणारं दिसत नाही म्हणून नातेवाईक तेच घ्या म्हणतात, ऐकू नका. दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर मशीन पण दोन. आणि विचारायचं, आवाज कानात मोजून सेट करणार का? पोराच्या कानाची नळी लहान असते, त्यामुळं तेच मशीन तिच्यात जास्त जोरात वाजतं, अंदाजानं सेटिंग चालत नाही. सेलचं झाकण लॉक होणारं हवं. सेल गिळला तर घरी काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला चौकशी करा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळतं, त्याला कमीत कमी ४० टक्क्यांचं दिव्यांग सर्टिफिकेट लागतं. आणि १८ वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) मधून फुकट होते, अंगणवाडीत किंवा शाळेत टीम येते तेव्हाच सांगायचं.

आता रोजचं. सकाळी मशीन लावलं की मी तिच्या पाठीमागं तीन फुटांवर उभी राहते आणि सहा आवाज काढते: म्म, आ, ऊ, ई, श्श, स्स. ऐकू आला की ती एक चिंचोका डब्यात टाकते. ‘म्म’ जाड आवाज आणि ‘स्स’ एकदम बारीक, बोलण्यातले सगळे आवाज यांच्या मधे येतात. गेल्या श्रावणात एक दिवस ‘स्स’ला चिंचोका पडलाच नाही. मशीन काढून उजेडात धरलं तर मोल्डच्या नळीत मोहरीएवढा पाण्याचा थेंब अडकलेला. फुंकणीच्या छोट्या पंपानं उडवला, परत लावलं, टक्कन चिंचोका पडला.

सेल झिंक-एअरचा असतो, म्हणजे हवा लागली की चालू होणारा, त्यावरचा स्टिकर काढल्यावर लगेच बसवायचा नाही, दोन-तीन मिनिटं हवा लागू द्यायची, आणि एकदा स्टिकर निघाला की वापरा नाहीतर ठेवा, तो उतरतोच. मोल्ड रात्री मशीनपासून वेगळा करून कोमट पाणी आणि साध्या साबणानं धुवायचा, मशीनला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत. पावसाळ्यात आपल्याकडं भिंतीसुद्धा ओल्या असतात, मशीन तर आतून गंजतं, तर एप्रिल-मे मधे घामानं तेच होतं. डोक्याला तेल लावताना, अंघोळीला, रंगपंचमीला मशीन काढायचं.

शिट्टी वाजायला लागली की बहुतेक वेळा मोल्ड ढिला झालेला असतो, बाळांना तर तीन-चार महिन्यांत नवा लागतो. आवाज कमी करून शिट्टी बंद करू नका, तसं केलं तर पोराला ऐकू येणंच कमी होतं. नळी पिवळी कडक झाली तर तीही बदलायची.

शाळेत मी बाईंना स्वतः दाखवून आले, सेल कसा बदलायचा ते. बाकावर पुढं बसवा, खिडकीशेजारी आणि पंख्याखाली नको, आणि फळ्याकडं तोंड करून बोलू नका एवढं सांगितलं. दप्तरात एक छोटी डबी असते, त्यात दोन नवे सेल आणि माझा नंबर. बाईंनी आत्तापर्यंत तीनदा सेल बदललाय.