घरी गाडीचं ऑइल बदलताय? या चुका टाळा, त्यातल्या त्यात रबर रिंगची

आमच्या बेळगावात आता बरेच जण घरीच ऑइल बदलायला लागलेत, चांगलंच आहे, काम काही अवघड नाही. पण एक चूक अशी आहे की तिच्यामुळं इंजिन जाऊ शकतं, आणि ती माझ्याकडून झालीय म्हणून आधी तीच सांगतो.

जुना ऑइल फिल्टर काढला, नवा बसवला, ऑइल भरलं, गाडी स्टार्ट केली आणि खालून भसाभस ऑइल यायला लागलं, बंद करेपर्यंत अंगणात हे एवढं थारोळं. झालं काय होतं, जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच मी नव्या फिल्टरची रिंग बसवली. दोन रिंगा एकावर एक कधीच सील धरत नाहीत, प्रेशर आलं की बाहेर. म्हणून जुना फिल्टर काढल्या काढल्या उलटा करून बघा, रिंग त्याच्यावर आहे का. नसली तर वर इंजिनला आहे. काळ्या तेलात काळी रिंग डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवून बघायचं, मग फडक्यानं पुसून घ्यायचं. नव्या रिंगला बोटानं थोडं ताजं ऑइल लावा, फिल्टर हातानं फिरवा, रिंग टेकली की पुढं साधारण पाऊण फेरा, बास. पाना लावून आवळू नका, पुढच्या वेळी निघता निघत नाही.

ड्रेन प्लगचंही तेच, म्हणजे जुनं ऑइल काढायला इंजिनच्या तळाला असतो तो बोल्ट. उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर मशीनवर पाने फिरवणारी आमची पोरंसुद्धा इथं पान्याला पाइप लावून आवळतात. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, अॅल्युमिनियमचं असलं तर आटे जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारांत जातंय. आधी हातानं आटे धरून घ्या, मग मॅन्युअलमधे टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते, दिलेला असतो तेवढंच. वॉशर दर वेळी नवा घाला, किंमत काहीच नसते. आणि प्लग खोलायच्या आधी तो इंजिनचाच आहे ना बघा की, काही गाड्यांना शेजारीच गिअरबॉक्सचा प्लग असतो. तो खोलला तर गिअर ऑइल जातं, इंजिनमधे जुनं तसंच राहतं, त्यावर नवं ओततो आणि गाडी पुढं काढली की गिअरबॉक्स कोरडा.

खानापूरकडं बघितलंय मी, गाडीखाली जांभ्याचे चिरे लावून माणूस आत शिरलाय. चिरा दिसायला भक्कम, पण वजन एका जागी आलं की न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवर पण शिरू नका. उचललेली गाडी धरून ठेवणारे जॅक स्टँडच पाहिजेत, आणि पावसाळ्यात तांबड्या मातीत जॅक रुततोय, खाली जाड फळी घाला, मागच्या चाकांना दगड लावा.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, कडकडीत गरम असताना प्लग काढला तर हात भाजतो.

साडेतीन लिटरचा कॅन आणलाय म्हणून सगळाच ओतायचा नसतो. छोट्या पेट्रोल गाडीला बऱ्याचदा तीन-सव्वातीनच लागतं. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही. थोडं कमी भरा, स्टार्ट करा, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला पाहिजे, नाही गेला तर लगेच बंद. मिनिटभर चालवून, बंद करून, पाच-दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा, मग लागेल तेवढं घाला.

जुनं ऑइल गटारात ओतू नका हो. आमच्या इथलं सगळं गटार बळ्ळारी नाल्याला आणि पुढं शेतात जातंय. कॅनमधे भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडं ड्रममधे साठवून पुढं जातं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी थेंब दिसला तर तो प्लगच्या बरोबर खाली आहे का फिल्टरच्या ते बघा, प्लगखाली असला तर वॉशर, फिल्टरखाली असला तर रिंग.